जनावरांतील रोगजंतू जी प्रथिने बाहेर सोडतात, त्यांचाच अभ्यास का करतात?

अख्खा जिवाणू हाताशी असताना त्याने बाहेर टाकलेल्या प्रथिनांच्या मागे का लागायचे, असे आपण विचारले आहे. मी गाईगुरांच्या क्षयरोगावर काम करतो, म्हणून त्याच रोगाच्या आधारे उत्तर देतो.

जिवाणूच्या आतली प्रथिने मुख्यतः तो मेल्यावर उघडी पडतात. बाहेर टाकलेल्या प्रथिनांशी मात्र जनावराच्या प्रतिकारशक्तीची गाठ संसर्गाच्या सुरुवातीलाच पडते. ती मिळवणे सोपे नाही. पोषक द्रवावर जिवाणूंची सुरकुतलेली, पिवळसर साय धरायला काही आठवडे लागतात. वाढीसाठी एरवी घालतात ते अल्ब्युमिन हे प्रथिन येथे चालत नाही, कारण त्याच्या गर्दीत आपली प्रथिने दिसेनाशी होतात. सर्वांत अवघड निर्णय असतो थांबायचे कधी याचा: उशीर झाला की जिवाणू फुटू लागतात, आणि गाळलेल्या द्रवात आतला ऐवज मिसळून सगळी मेहनत वाया जाते.

या खटाटोपाचे मोल बीसीजी लसीवरून कळते. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ या काळात गाईच्या क्षयाचा जिवाणू सुमारे २३० वेळा नव्या माध्यमावर उतरवून ही लस तयार केली. पुढे असे आढळले की लसीतल्या या जिवाणूच्या जनुकांचा एक तुकडा गळाला आहे. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या स्रवणाऱ्या प्रथिनांची जनुके त्याच तुकड्यात होती. मानेच्या कातडीत ट्यूबरक्युलिन (क्षयाच्या जिवाणूच्या प्रथिनांचा अर्क) टोचून ७२ तासांनी सूज मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत लस दिलेली निरोगी गायही रोगी ठरू शकते. लसीत नसलेल्या या दोन प्रथिनांनी चाचणी घेतली तर तो घोटाळा टळतो. आपल्याकडे बाधित गाय कत्तलीला पाठवता येत नाही, त्यामुळे लस आणि अशी चाचणी यांची जोडी मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर मात्र आरव्ही-३६१५सी या तिसऱ्या प्रथिनात आहे. त्याचे जनुक बीसीजीमध्ये शाबूत आहे, पण ते बाहेर सोडणारी यंत्रणा त्या गळालेल्या तुकड्याबरोबर निकामी झाली आहे. म्हणून प्रथिनाचे जनुक असूनही लस दिलेली गाय त्याला ओळखत नाही, बाधित गाय मात्र ओळखते. अख्ख्या जिवाणूची जनुके वाचून हा फरक ध्यानात आला नसता.