रत्नागिरीत आई-बाबा दोघांचे डोळे तपकिरी, मग मुलीचे घारे कसे?

घारा असा वेगळा रंग डोळ्यात नसतोच. बुबुळाच्या रंगीत पडद्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असेल तर डोळे काळे-तपकिरी, कमी असेल तर घारे. फारच कमी असेल तर प्रकाश विखुरून निळे दिसतात. १५व्या गुणसूत्रावरचं ओसीए२ हे जनुक मेलॅनिनसाठी लागतं, आणि शेजारच्या एचईआरसी२ या जनुकातला छोटासा भाग त्याचं बटण. या बटणाच्या दोन्ही प्रती मंद असल्या की मेलॅनिन कमी बनतं. मंद बटणाची एकेक प्रत आई-बाबांकडे दडलेली असेल, तर दोन्ही मंद प्रती मिळण्याची शक्यता दर अपत्याला चारात एक. कोकणस्थ घरांत घारे डोळे नवलाचे नाहीत. शिवाय इतर जनुकंही ढवळाढवळ करतात, त्यामुळे डोळ्यांवरून पितृत्वाचा संशय घेणं निव्वळ मूर्खपणा. मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग बदलला, तर मात्र नेत्रतज्ज्ञांना दाखवा.