"मला साक्ष द्यायला सांगितलंय, आणि माझ्याकडे साक्षच नाही"

मी समुपदेशन करते. समोरच्या खुर्चीत बसताच एका ताईंनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. वर लिहिलं होतं, 'संकटातून मिळालेला आशीर्वाद'. खाली एकच वाक्य होतं, 'प्रभूने आम्हाला या संकटातून बाहेर काढले'. तेही खोडलेलं, आणि इतक्या जोरात की कागद फाटला होता.

"पुढच्या महिन्यात उपासनेत साक्ष द्यायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "मॅडम, माझ्याकडे साक्षच नाही." साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे, चर्चच्या सभासदांपुढे, उभं राहून सांगणं.

त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवा हात-पाय गेला आणि त्याबरोबर बोलणंही. समोरच्याचं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. ताई चौदा वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवत होत्या. कुणाच्या घरी दुःख झालं की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन पहिल्यांदा पोचणाऱ्या त्याच. आता ते उघडायला हात धजत नव्हता.

"बाकीचे लोक संकटातून विश्वासात वाढतात," त्या म्हणाल्या. "मी आटत चाललेय. माझा विश्वास आधीपासूनच खोटा होता का?"

हा प्रश्न घेऊन येणारे माझ्याकडे पुष्कळ असतात. कुणाचं मूल गेलेलं असतं, कुणाची नोकरी, कुणाचा संसार मोडलेला. मूळ दुःख सोसतच असतात, त्यावर हे दुसरं ओझं येऊन बसतं. दुःखातून आपण काहीतरी उंच, उजळ होऊन बाहेर यायला हवं होतं आणि तसं होत नाहीये, म्हणजे आपल्यातच खोट आहे. ख्रिस्ती माणसाला हे जास्त टोचतं, कारण त्याला वचनं पाठ असतात. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा, हे रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं वचन ताईंनी कितीतरी मुलांकडून घोकून घेतलं होतं. आता तेच त्यांना परीक्षेच्या निकालासारखं वाटत होतं, आणि त्या नापास झाल्या होत्या.

पहिल्या भेटीत मी वचनांकडे वळले नाही. झोपेबद्दल विचारलं.

रात्री दर दोन तासांनी उठून यजमानांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन वर्षं हे त्या एकट्या करत होत्या. सलग चार तास कधी झोपल्या होत्या, ते त्यांना आठवेना. जेवण उभ्यानेच. शेजारच्या खोलीत दीर होते, पण "त्यांना कशाला त्रास" म्हणून कधी सांगितलं नव्हतं.

बायबलमधल्या १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. त्या वेळी देव त्याला विश्वासाबद्दल एक शब्दही विचारत नाही. देवदूत भाकर आणि पाणी ठेवतो, एलीया खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो, कारण वाट फार लांबची आहे. देव मंद, शांत वाणीने त्याच्याशी बोलतो तो प्रसंग त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येतो. ताईंना मी हा अध्याय घरी वाचायला सांगितला, आणि आठवड्यातल्या दोन रात्री दिरांकडे सोपवायला. मनाची मरगळ तपासून घ्यायला डॉक्टरांकडेही पाठवलं. नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध लागू शकतं. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला असं मानणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण अशी माणसं फार उशिरा येतात.

दुसऱ्या भेटीत चेहऱ्यावर थोडी झोप दिसत होती. आणि राग दिसत होता. हा राग थकव्याखाली दबलेला होता.

"लोक म्हणतात, देव सोसवेल तेवढंच देतो," त्या म्हणाल्या. "हे ऐकलं की मला ओरडावंसं वाटतं."

हे वाक्य सांत्वनाला जाणारे इतक्या सहज बोलतात की शास्त्रात तसंच लिहिलंय असं वाटावं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल जे म्हणतो ते मोहाबद्दल आहे, पापाच्या परीक्षेबद्दल. दुःखाच्या वजनाबद्दल तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात काय सांगतो, ते मी त्यांना वाचायला दिलं. आम्ही शक्तीबाहेर दडपले गेलो होतो, जगण्याचीही आशा उरली नव्हती, असं तो उघड लिहितो. ताईंनी ते दोनदा वाचलं.

"हे मी कधी शिकवलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या.

मग तो प्रश्न आला, जो सगळेच विचारतात आणि आवाज खाली आणून विचारतात. "देवावर रागावणं पाप ना?"

मी त्यांना स्तोत्रसंहिता उघडायला लावली. दीडशे स्तोत्रांतली कितीतरी तक्रारीची आहेत. तेरावं स्तोत्र सुरू होतं तेच "कोठवर?" या सवालाने, आणि दोन वचनांत तो चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. तरी कुणी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, ते त्यांचं सगळ्यात चांगलं काम. मग तोंड उघडलं आणि देवाची बाजू लावून धरली. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांना सांगतो, माझ्याविषयी जे यथार्थ ते तुम्ही बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. मला हे समुपदेशनाच्या फार उपयोगाचं वाटतं. जो देवाशी भांडतो त्याने देवाकडे पाठ फिरवलेली नसते. ताईंची अडचण अशी की त्यांनी भांडणंही थांबवलं होतं आणि बोलणंही.

तेव्हा मी त्यांना स्वतःचं स्तोत्र लिहायला सांगितलं. विलापाच्या स्तोत्रांचा साधारण एक साचा असतो. आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणी, आणि शेवटी भरवसा. ताईंनी वहीत चार रकाने आखून आणले. तीन भरले होते, चौथा कोरा.

"भरवसा लिहिता येत नाहीये. खोटं लिहू का?"

"नको. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रातही तो जवळजवळ नाहीच. कोरा ठेवा."

तक्रारीच्या रकान्यातली एक गोष्ट त्यांनी वाचून दाखवली आणि वही मिटली. यजमानांना पाणी मागता येत नाही. तहान लागली की ते तांब्याकडे बघत राहतात, चिडतात, तोंडातून भलताच शब्द निघतो. पण रात्री ताईंनी सवयीने "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला सुरुवात केली की ते सगळी प्रार्थना सोबत म्हणतात. शब्द न् शब्द, स्पष्ट.

"पाणी म्हणता येत नाही आणि आमेन म्हणता येतं," त्या म्हणाल्या. "देवाने माझी थट्टा मांडलीय. आणि मंडळीतले म्हणतात, हाच चमत्कार, हीच साक्ष सांगा."

मी त्यांना खरं ते सांगितलं. पक्षाघाताने वाचा गेलेल्या पुष्कळ रुग्णांत हे दिसतं. नवं वाक्य जुळवण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात चालतं आणि तोच दुखावलेला असतो. पण लहानपणापासून पाठ असलेलं, ठेक्यात म्हटलेलं, गायलेलं, ते अनेकदा शाबूत राहतं. आकडे, वार, गाणी, प्रार्थना. वाचा-उपचार करणारे कधी कधी याच धाग्याला धरून पुढे जातात. याला चमत्कार म्हणण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती.

त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. चमत्काराचं ओझं उतरलं होतं. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "म्हणजे ते शब्द त्यांच्यात इतके खोल आहेत की तो झटका तिथपर्यंत पोचलाच नाही." यावर मी काही बोलले नाही.

इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. दुःखातून वाढ होते हे मी मानते, माझ्या स्वतःच्या आयुष्यात अनुभवलंही आहे. पण हे वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर ठेवण्याचा अधिकार मला नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "हा तुझा वधस्तंभ आहे" असं सांगणारे मी पाहिले आहेत. तो वधस्तंभ नव्हे, तो गुन्हा आहे आणि तिला आधी सुरक्षित जागी न्यायला हवं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं आणि सरळ त्या माणसाकडे वळला. मेलेल्या लाजराच्या कबरेपाशी येशूला ठाऊक होतं आपण त्याला उठवणार आहोत, तरी तो आधी रडला. मार्था आणि मरिया दोघींनी त्याला एकच वाक्य सुनावलं होतं, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याबद्दल त्याने एकीलाही दटावलं नाही.

साक्षीचा दिवस जवळ आला. ताईंनी पाळकांना जाऊन सांगितलं, मी बोलेन, पण विषय बदलून द्या. उभ्या राहिल्या, तेरावं स्तोत्र वाचलं, स्वतःचे तीन रकाने वाचले, चौथा कोरा आहे म्हणाल्या आणि खाली बसल्या. तीन मिनिटंही लागली नसतील. एका वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही. "नवीन विश्वासणाऱ्यांवर काय परिणाम होईल?" असं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण बाहेर पडताना एक तरुण मुलगी ताईंच्या मागे मागे आली आणि हाताला धरून नुसती उभी राहिली. तिचं बाळ पोटातच गेलं होतं. आठ महिने तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"पूर्वीची मी असते तर लगेच वचन दिलं असतं," ताईंनी मला सांगितलं. "या वेळी मला सुचलंच नाही. पायरीवर बसलो दोघी, बराच वेळ."

दुसऱ्या करिंथकरांस पत्रात आशेचा धागा सुटल्याचं सांगण्याच्या चारच वचनं आधी पौल म्हणतो, देव आमचं सांत्वन करतो ते यासाठी की आम्हाला दुसऱ्यांचं सांत्वन करता यावं. ताईंना मी हे दाखवलं नाही. त्यांच्या ते नंतर आपोआप लक्षात आलं, आणि आलं तेव्हा त्यांना ते फारसं महत्त्वाचंही वाटलं नाही. त्या मुलीने पुढच्या तपासणीला कुणासोबत जावं याच्या विचारात होत्या. आपण वाढतोय की नाही, हा प्रश्न त्यांनी बरेच आठवडे विचारला नव्हता.

आता त्या महिन्यातून एकदा येतात. यजमानांच्या हातापायात फार फरक नाही. वाचा-उपचार सुरू आहेत, मोजके शब्द येतात, "पाणी" त्यांतला एक. चौथा रकाना कोराच आहे. मी कधी विचारत नाही.

मागच्या खेपेला त्यांनी आपणहून एक गोष्ट काढली. रात्रीच्या प्रार्थनेत "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या ओळीपाशी त्यांचा आवाजच निघत नाही. दोन वर्षांपासून. "हेही बरोबर नाही, ना?"

मी त्यांना गेथशेमाने बागेची, येशूच्या अटकेच्या रात्रीची, आठवण करून दिली. शिष्यांना ही प्रार्थना शिकवणाऱ्या येशूला त्या रात्री स्वतः ही ओळ म्हणायची होती. प्याला टळून जावो म्हणत, पालथा पडून, एकच गाऱ्हाणं घेऊन तो तीनदा पित्याकडे गेला. मत्तयाने तेही लिहून ठेवलंय.

त्या बराच वेळ खिडकीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ती ओळ हे एकटेच म्हणतात. मी थांबते. मग आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, तिथून पुन्हा दोघं मिळून."