मॅग्नेशियमला कोटिंग करायला घेतलंयस, तर आधी एवढं कर

कोणतं कोटिंग, हा प्रश्न नंतरचा. आधी पार्टचं ब्लास्टिंग (कण जोरात मारून पृष्ठभाग साफ करणं) कशाने झालं ते विचार. माझा एझेड ९१ चा (हा मॅग्नेशियमचा मिश्रधातू) एक लॉट स्टीलच्या शॉटने ब्लास्ट झाला होता. कोटिंग दिसायला उत्तम, पण मिठाच्या पाण्यात टाकताच बारीक बुडबुडे सुटले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी काळे खड्डे. पृष्ठभागात रुतलेले लोखंडाचे कण कॅथोड होतात आणि शेजारचं मॅग्नेशियम खाल्लं जातं. ब्लास्टिंगला ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कण वापर, नंतर ॲसिड पिकलिंगही कर, म्हणजे पार्ट ॲसिडमध्ये बुडवून पृष्ठभाग साफ कर.

आता कोटिंग. प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशनचा (द्रावणात वीज देऊन धातूवरच ऑक्साइड वाढवण्याचा) थर कडक असतो, पण सच्छिद्र. सील केल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नकोस.

बोल्टचं मात्र नीट ऐक. नुसतं मॅग्नेशियम रंगवून स्टीलचा बोल्ट उघडा ठेवलास, तर एक ओरखडा पडला की सगळा गंज त्या एवढ्याशा जागेत खोल उतरतो. बोल्टलाही कोटिंग दे आणि खाली ५०५२ किंवा ६०६१ ॲल्युमिनियमचा वॉशर घाल, डोक्यापेक्षा चांगला मोठा.

आणि घासताना उडालेली धूळ पेटली तर पाणी अजिबात मारू नकोस, हायड्रोजन सुटतो. डी क्लासची, म्हणजे धातूच्या आगीसाठीची, कोरडी पावडर हाताशी ठेव.