थांबता येतं का, तेवढं आधी सांगा

गुलमर्ग-औलीहून परतलेल्यांची पत्रं मार्चपर्यंत येत राहतात. यंदा बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे: मला स्कीइंग नेमकं कितपत येतं, हे ओळखायचं कसं? जळगावात उन्हाचा चटका सुरू झालाय, तरी हा विषय मला फार जवळचा आहे.

चाळीसगावहून: गुलमर्गला १४ दिवसांचा बेसिक कोर्स केला. शेवटच्या दिवशी गंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, पहिल्या टप्प्यावरच्या कोंगडोरीहून एकदाही न पडता खाली आलो. मित्र म्हणतात, पुढच्या वर्षी गंडोलाने थेट दुसऱ्या टप्प्यावर जाऊ. जाऊ का?

भाऊ, इतक्यात नको. न पडता खाली आलात याचा आनंद आहेच, पण वेग तुम्ही ठरवत होतात की उतार? हे तपासायला सोपी रीत आहे. निघण्याआधी सोबत्याला सांगा, ‘त्या खांबापाशी थांबतो.’ मग तिथेच थांबा, चार हात पुढे नाही. दहापैकी नऊ वेळा जमलं, तर तो उतार तुमचा.

दुसरी परीक्षा वळणाची. प्रत्येकाची एक बाजू चांगली असते. उजवीकडे सुंदर वळणारा माणूस डावीकडे वळताना ताठरतो आणि स्की पुन्हा नवशिक्यांच्या स्नोप्लाऊसारख्या, टोकं जवळ आणि मागची बाजू फाकलेल्या पाचरीत उघडतात. तुमची पातळी त्या वाईट बाजूवरून ठरवा. तिसरी परीक्षा साइड स्लिपची: उताराला आडवं उभं राहून स्कीच्या कडा सैल सोडायच्या, दोन हात घसरायचं, पुन्हा कडा रोवायच्या. अवघड जागी अडकल्यावर हेच कामाला येतं.

दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरला, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर नेतो. तिथला बहुतेक उतार मशीनने दाबून सपाट केलेला नसतो, हिमस्खलनाचा धोका असतो. दाबलेल्या बर्फावर जमणारी वळणं भुसभुशीत, खोल बर्फात पहिल्याच मिनिटाला हरवतात. एक वर्ष खालीच काढा.

धुळ्याहून: प्रशिक्षक सारखे ‘पुढे झुका’ ओरडायचे. मी झुकतच होते. पण व्हिडिओत पाहिलं तर खुर्चीत बसल्यासारखी मागे! असं कसं?

ताई, यंदाचं सर्वांत मोलाचं पत्र तुमचं. उतार दिसला की शरीर आपोआप डोंगराकडे, मागे सरकतं. भीतीचंच काम ते. कंबरेत वाकलं की आपल्याला पुढे झुकल्यासारखं वाटतं, पण बूड मागेच राहतं. वजन टाचांवर गेलं की स्कीची टोकं हलकी होतात आणि वळायला ऐकत नाहीत.

म्हणून ‘मला वाटलं’ यावर विसंबू नका, नडगीला विचारा. बुटाच्या पुढच्या जिभेवर नडगी टेकलेली हवी, वळणभर, सतत. एखादा कागद मध्ये धरलाय आणि तो पडू द्यायचा नाही, इतपत दाब. संध्याकाळी मांड्या पेटल्यासारख्या दुखत असतील, तर दिवसभर मागे बसून काढलात असं समजा. आणि व्हिडिओ सकाळचा नको, दुपारच्या शेवटच्या फेरीचा काढा. दमल्यावर उरतं तेवढंच खरं आपलं.

भुसावळहून: स्की भाड्याने घेताना फॉर्मवर टाइप १, २, ३ विचारतात. नवऱ्याने दोघांचंही ३ लिहिलं. काही बिघडतं का?

बिघडतं, आणि फार बिघडतं. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग किती जोर बसला की सुटेल, तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि हा टाइप यांवरून ठरतो. टाइप १ म्हणजे जपून, हळू जाणारा. ३ म्हणजे वेगात, तीव्र उतारावर जाणारा. नवशिक्याने ३ लिहिलं की बाइंडिंग घट्ट बसतं आणि पडल्यावर सुटायला हवं तेव्हा सुटत नाही. वय ५० किंवा जास्त असेल तर आकडा आणखी एक पायरी खाली घेतात, म्हणून वयही खरं लिहा.

हे मी स्वतःच्या गुडघ्यावरून सांगतो. तिसऱ्या वर्षी मीही फुशारकीने ३ लिहिलं होतं. अगदी सावकाश, उभ्या जागीच पडावं तसा पडलो. स्की सुटली नाही, पाय पिळला. चार महिने जिना एकेक पायरी करत चढलो. बाइंडिंग नीट लावलं तरी गुडघ्याचं लिगामेंट प्रत्येक वेळी वाचतंच असं नाही. ते मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला बनलंय. मग चुकीचं लावून धोका वाढवायचा कशाला? तुम्ही दोघांनी १ लिहा.

अमळनेरहून: माझा १२ वर्षांचा मुलगा सरळ बाणासारखा खाली जातो, मी घाबरत वळत येतो. तो माझ्यापेक्षा तयार झालाय का?

दादा, त्याला भीती कमी आहे, कौशल्याचं अजून ठरायचंय. त्याला तुमच्या मागे, तुमच्याच वळणांच्या रेषेतून यायला सांगा. आला तर तयार आहे. पुढच्या माणसाला वाट देणं मागच्याचं काम, हा नियम जगभर आहे आणि तो थांबता येणाऱ्यालाच पाळता येतो.

शहाद्याहून: इथे बर्फ कुठला! घरी काय तपासू?

पाय. भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात ठेवून दीड मिनिट बसता येतं का पाहा. तोरणमाळचा घाट पायी चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. स्कीइंगमध्ये मांड्यांना तसंच, भार पेलत लांबायचं काम असतं. वळण मात्र बर्फावरच कळेल. पहिल्या दिवशी मागच्या वर्षी संपवलंत तिथून सुरू करू नका, एक उतार सोपा निवडा आणि तिथे खांबाची परीक्षा द्या.