बदल तारखेने नव्हे, गाडीच्या क्रमांकाने मागा

आपली पोस्ट वाचली. वाळूजच्या कारखान्यात तयार होणारे डोअर ट्रिम, म्हणजे दाराच्या आतले पॅनेल, चाकणजवळच्या गोदामात गाड्यांच्या क्रमाने ट्रॉलीत लावून एका गाडी कंपनीला द्यायचे काम आपल्याला मिळाले. कंपनीकडून क्रमाचा संदेश जेमतेम तीन तास आधी येतो, दोन ट्रॉल्या परत आल्या, त्यावर डेबिट नोटही, म्हणजे आपल्या बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी, आली, आणि आता आपण विचारता की एकाच लाइनवर पांढऱ्या पेट्रोल गाडीमागे लाल डिझेल ऑटोमॅटिक आणि तिच्यामागे सनरूफवाली गाडी सोडणे हा कंपनीचा निव्वळ गोंधळ नाही का, आणि गोदामात तयार मालाचा साठा वाढवला तर सुटका होईल का. हेच काम आणि हाच रस्ता मी काही वर्षे केलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मालाची मंजुरी, पॅकिंग, ऑडिट या गोष्टी आपल्याला ठाऊक असणारच, त्या सोडून देतो. प्रत्येक कंपनीची रीत थोडीफार वेगळी असते, तेव्हा माझे म्हणणे आपल्या करारनाम्याशी ताडून पाहावे.

पहिली गोष्ट म्हणजे, हा गोंधळ नाही; असा मिसळलेला क्रम मुद्दाम लावलेला असतो. समजा पाळीत कामाची ४६० मिनिटे आहेत आणि २३० गाड्या काढायच्या आहेत, तर प्रत्येक ठिकाणी उभ्या असलेल्या कामगाराला एका गाडीमागे दोन मिनिटे मिळतात. सनरूफ बसवायला त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर सनरूफच्या गाड्या लागोपाठ सोडून चालतच नाही. तिथला माणूस गाडीबरोबर सरकत सरकत पुढच्याच्या जागेत जाईल आणि शेवटी लाइन थांबवावी लागेल. म्हणून ‘सलग तीन गाड्यांत सनरूफची एकच’ अशा प्रकारचे नियम नियोजनाच्या संगणकात भरलेले असतात. टोयोटाने कामाचा आणि मालाचा भार दिवसभर समान वाटण्याची ही पद्धत शिस्तीत बसवली आणि तिला हेइजुंका हे नाव दिले. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाबरोबर आउडीच्याही गाड्या जुळवल्या गेल्या, हे आपल्या भागात सर्वांना माहीत आहे, तेव्हा एका छपराखाली वेगवेगळ्या गाड्या हे आपल्याला नवल वाटू नये.

नवल वाटावे असे खरे काम पेंट शॉप आणि असेंब्ली यांचे जमवण्यात आहे. पेंट शॉपला एका रंगाच्या गाड्या सलग हव्या असतात, कारण रंग बदलला की फवारणीची गन सॉल्व्हेंटने धुवावी लागते आणि त्यात रंगही वाया जातो. असेंब्लीला मात्र जड कामाच्या गाड्या विखुरलेल्या हव्या असतात, मग त्यांचा रंग कोणताही असो. रेनॉने २००५ साली फ्रान्समधल्या रोआडेफ या संस्थेच्या स्पर्धेत संशोधकांपुढे नेमके हेच कोडे ठेवले होते. एवढ्या मोठ्या कंपनीला बाहेरच्या गणितज्ञांची मदत घ्यावीशी वाटली, यावरून ते किती किचकट आहे याचा अंदाज यावा.

आता आपल्या तीन तासांकडे येऊ. बॉडी शॉपमध्ये पत्रा जोडून सांगाडा तयार होतो, तिथेच त्याला ओळख, म्हणजे स्वतःचा क्रमांक, मिळते, आणि तो ज्या क्रमाने पेंट शॉपमध्ये शिरतो त्या क्रमाने बाहेर येत नाही. तपासणीत कुठे धुळीचा कण सापडतो, कुठे रंग ओघळलेला दिसतो, आणि तो सांगाडा दुरुस्तीला बाजूला काढला जातो. त्याच्यामागचे पुढे निघून जातात आणि तो कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी परत येतो. म्हणून पेंट शॉप आणि ट्रिम लाइन, म्हणजे असेंब्लीतली आतले भाग बसवण्याची लाइन, यांच्यामध्ये रंगवलेल्या सांगाड्यांचे एक कोठार असते, तिथे त्यांना पुन्हा ओळीने लावले जाते, आणि सांगाडा ट्रिम लाइनवर चढून स्कॅनरखालून गेला की मगच क्रम पक्का होऊन आपल्याला संदेश सुटतो. आदल्या दिवशी आलेला अंदाज हा अंदाजच असतो. त्यावर भरवसा ठेवून ट्रॉल्या आधीच भरून ठेवणाऱ्यांचे काय होते हे आपण दोनदा पाहिलेच आहे.

साठा वाढवण्याच्या मी स्पष्टपणे विरोधात आहे. दारे चार, आतले रंग तीन, स्पीकरचे प्रकार दोन आणि काचेच्या स्विचचे प्रकार दोन धरले, तरी अठ्ठेचाळीस प्रकारची तयार पॅनेल होतात. त्यात दाराच्या आतल्या दिव्याचा एक पर्याय वाढला की शहाण्णव. वाळूजहून नगर, शिरूर, शिक्रापूर करत सुमारे २०० किलोमीटर माल न्यायचा आणि शहाण्णव प्रकारांचा साठा गोदामात धरायचा, यात भांडवल अडकते आणि तरीही नेमके हवे ते पॅनेल नसते. त्यापेक्षा वाळूजहून फक्त रंगाप्रमाणे कोरी पॅनेल न्यावीत आणि स्पीकर, स्विच व दिवा संदेश आल्यावर गोदामातच बसवावेत. बसवायला लागणारा वेळ आणि फाटकापर्यंतचा वेळ तीन तासांत बसत असेल तरच हे जमेल, ते आपण मोजून पाहावे. शिक्रापूर–चाकण रस्त्याच्या भरवशावर क्रमाचा माल थेट वाळूजहून आणण्याचा विचारही करू नये.

एवढे सगळे नीट करूनही मला सर्वांत जास्त जे महागात पडले, ते यांपैकी काहीच नव्हते. ते होते आमच्या ग्राहक कंपनीचे एक कार्यालय, ज्याच्याकडे डिझाइनमधील बदल पुरवठादारांना कळवण्याचे काम होते. कंपनीचे नाव लिहिणार नाही, विचारूही नये. पुढच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर खालच्या कोपऱ्यातल्या क्लिपचे छिद्र थोडेसे पुढे सरकवले गेले होते आणि त्यानुसार आमच्या पॅनेलवरच्या क्लिपची जागाही बदलली होती. नवा साचा मंजूर झाला, नमुने मंजूर झाले, आणि या कार्यालयाचा एका ओळीचा मेल आला की सोमवारच्या पहिल्या पाळीपासून नवे पॅनेल द्यावे.

आता वर लिहिलेला पेंट शॉपचा प्रकार आठवावा. छिद्र बॉडी शॉपमध्ये पडते. जुन्या छिद्राचे जे सांगाडे दुरुस्तीत आणि कोठारात होते, ते सोमवारी आणि त्यानंतरही नव्यांच्या अधूनमधून लाइनवर येत राहिले. आम्हाला येणाऱ्या संदेशात रंगाचा आणि सुविधांचा कोड असे, पत्रा जुना की नवा याचा कोड नसे. बाहेरून दोन्ही पॅनेल सारखीच दिसत. कामगार पॅनेल वरून काचेच्या कडेला अडकवतो, मग वरून खाली एकेक क्लिप तळहाताने दाबत जातो, आणि शेवटची खालची क्लिप छिद्रात जातच नाही. तो आणखी जोराने दाबतो, तेव्हा क्लिपची मान आधी पांढरी पडते आणि मग तुटते. दोन मिनिटे संपलेली असतात. गाडी तशीच पुढे जाते आणि नंतर बाहेरच्या दुरुस्तीच्या रांगेत उभी राहते. अशा कितीतरी गाड्या उभ्या राहिल्या आणि त्यांचा सगळा खर्च ‘चुकीचा भाग पुरवला’ या कारणाखाली आमच्या नावावर पडला.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. नव्या छिद्राचा पहिला सांगाडा कोणता, याचा क्रमांक बॉडी शॉपकडे नोंदलेला होता. तो क्रमांक आम्हाला कळवायला एक मिनिट लागले असते. त्या कार्यालयाने मात्र तारीख कळवली आणि हात झटकले. आम्ही गेलो तर ते म्हणाले, माल क्वालिटीने नाकारला, त्यांच्याकडे जा. क्वालिटीने खरेदी विभागाकडे पाठवले, खरेदी विभागाने ‘मेल मिळाला होता ना’ असे विचारून पुन्हा त्याच कार्यालयाचा दरवाजा दाखवला. छोट्या पुरवठादाराला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवण्यात काहींना कसले समाधान मिळते कोण जाणे. आम्हाला खरी मदत केली ती ट्रिम लाइनच्या एका सुपरवायझरने, ज्याने दुरुस्तीत राहिलेल्या जुन्या सांगाड्यांची यादी छापून हातात दिली.

तेव्हा माझा एकच आग्रह आहे. कोणताही बदल तारखेने किंवा पाळीने स्वीकारू नये. पहिल्या नव्या सांगाड्याचा क्रमांक लेखी मागावा, बदललेल्या पॅनेलला स्वतंत्र भाग क्रमांक मागावा, आणि तोच भाग क्रमांक आपल्याला येणाऱ्या संदेशात दिसेल असे करून घ्यावे. संगणकात हे करणे अवघड आहे असे उत्तर मिळेल. ते मिळाल्यास ‘मग जुन्या सांगाड्यांची यादी रोज द्या’ असे मेलवरच लिहावे, तोंडी बोलू नये. शेवटचा जुना सांगाडा लाइनवरून पुढे गेल्याचे कळेपर्यंत जुनी पॅनेल भंगारात काढू नयेत आणि ती वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीने ओळखू येतील अशी ठेवावीत. हे सगळे आपल्या दोन ट्रॉल्यांना लागू आहेच असे मी म्हणत नाही. आपल्या बाबतीत नुसता क्रमच उलटा लागला असेल. टेम्पोत शेवटी चढवलेली ट्रॉली आधी उतरते, त्यामुळे भरताना क्रम उलटा धरावा लागतो आणि नव्या मुलांकडून तिथे गफलत होते. त्यावर उपाय म्हणजे ट्रॉलीच्या प्रत्येक कप्प्यासाठी स्कॅन, आणि क्रम जुळल्याशिवाय पुढचा कप्पा भरू न देणारी साधी व्यवस्था.

डेबिट नोटबद्दल. मी वकील नाही, सीए नाही, तेव्हा हे कोणा जाणकाराला दाखवूनच पुढे जावे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात अशी तरतूद आहे की, खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते, आणि करारात काहीही लिहिले असले तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून डेबिट नोट कोणत्या ट्रॉलीची, ती कधी पोहोचली आणि हरकत लेखी कधी आली, हे तीन कागद आधी एकत्र लावावेत. मात्र कायद्याचे नाव पहिल्याच बैठकीत काढल्यास पुढचे शेड्यूल, म्हणजे कंपनीकडून येणारी मागणी, घटते, असे माझे मत आहे. इतरांचा अनुभव निराळा असू शकेल.

आपल्या करारात लाइन थांबल्याचा दंड मिनिटावर लावला आहे की दुरुस्तीला गेलेल्या गाडीवर, आणि परत आलेल्या ट्रॉल्यांवर नाकारण्याचे कारण काय लिहिले होते, हे कृपया कळवावे. ‘क्रम चुकला’ आणि ‘भाग बसत नाही’ ही दोन कारणे एकाच शिक्क्याखाली येतात, आणि दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत.