आधी हे एक यंत्र वाच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

जुन्या बाजारातून आणलेल्या थिऑडोलाइटबद्दल, म्हणजे जमीन मोजताना कोन घेण्याच्या त्या दुर्बीण-यंत्राबद्दल, तीन जणांनी तुला तीन सल्ले दिले आहेत. व्यापारी म्हणतो, घासून लख्ख कर आणि वीक. मित्र म्हणतो, जोडीला एक सूक्ष्मदर्शक आणि एक वायुभारमापक घेऊन संग्रह उभा कर. घरची माणसे म्हणतात, ही अडगळ घरात नको. यांतले कोणाचे ऐकावे, असे तू विचारतेस. कोणाचेही ऐकू नकोस. जोवर हे एक यंत्र तुला नीट वाचता येत नाही, तोवर ते विकू नकोस, घासू नकोस आणि दुसरे घेऊ नकोस. मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि पुढे जे लिहितो आहे ते सारे याच्याच समर्थनासाठी आहे.

भिंग घे आणि आडव्या चकतीवरच्या खुणा पाहा. अनेक जुन्या थिऑडोलाइटांत एका अंशाचे तीन भाग, म्हणजे वीस-वीस मिनिटांचे, केलेले असतात; व्हर्नियरचे, म्हणजे मुख्य पट्टीला लागून सरकणाऱ्या बारीक पट्टीचे, ६० भाग मुख्य पट्टीच्या ५९ भागांइतके भरले, तर ते यंत्र २० सेकंदांपर्यंत कोन देते. तुझे तसे आहे का, हे स्वतः मोजून ठरव. समोरासमोरच्या दोन व्हर्नियरांच्या वाचनांत १८० अंशांचा फरक यायला हवा. यंत्र फिरवत नेताना हा फरक कमी-जास्त होत राहिला, तर चकतीचा मध्य आणि फिरण्याचा आस एका जागी नाहीत, आणि ते यंत्र कधीतरी पडले असण्याची शक्यता मोठी आहे. पितळ कितीही चकाकले तरी ही गोष्ट झाकता येत नाही, पण ज्याला व्हर्नियर वाचता येत नाही त्याला ती दिसतही नाही.

मग ते तिवईवर चढवून गच्चीवर ने, पायांच्या तिन्ही स्क्रूंनी पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आण, आणि पर्वतीचा कळस, चतुःशृंगी, सिंहगडावरचा मनोरा यांपैकी जे दिसेल ते आणि उरलेल्या दिशांना दुसरे काही ठळक बिंदू धरून सगळीकडचे कोन एकामागून एक मोज. त्यांची बेरीज ३६० अंशांच्या किती जवळ येते, ते वहीत लिही. दुर्बिणीत पर्वती उलटी दिसेल. त्या काळच्या यंत्रांत तशीच दिसते, तो बिघाड नव्हे. दुर्बिणीतला नेम धरायचा तंतू तुटला असेल तर घाबरू नकोस, तो नवा बसवता येतो. पूर्वी त्यासाठी कोळ्याचा धागा वापरत असत. सूर्याकडे मात्र ती दुर्बीण कधीही रोखायची नाही.

आता घासण्याविषयी. चिंच, राख, पितळ घासायची पावडर यांतले काहीही त्या यंत्राला लावायचे नाही. पितळेवर जो सोनेरी-तपकिरी थर दिसतो तो मळ नाही, ती मद्यार्कात विरघळवलेल्या लाखेची वॉर्निश आहे आणि कारखान्यातून निघताना तिचा हात त्यावर दिलेला असतो. चांगल्या यंत्रांत अंशांच्या खुणा चांदीच्या पातळ पट्टीवर कोरलेल्या असतात, आणि जोरात घासले तर त्या केसाएवढ्या रेषाच पुसल्या जातात. मग उरते ते शोभेचे पितळ. मऊ कोरडे कापड आणि मऊ कुंचला याहून अधिक काही नको. ज्या पेटीतून ते आले तिच्या झाकणाच्या आत चिकटवलेला कागद असेल तर त्याला पाणीही लावू नकोस. अशा कागदावर दुकानाचा पत्ता किंवा दुरुस्तीची तारीख सापडते, आणि पेटीपासून तुटलेले यंत्र अर्धे मुके होते.

वाचता येण्याचा आणखी एक उपयोग सांगतो. रुडकी आणि मुरादाबादकडे नव्याने घडवलेली पितळी यंत्रे जुनी म्हणून खपवली जातात. त्यांतल्या सेक्स्टंटांवर, म्हणजे जहाजावर कोन मोजायच्या यंत्रांवर, ‘केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असे कोरलेले तू पाहशील. ती कंपनी त्या नावाने १९४७ साली अस्तित्वात आली. नाव कोणीही कोरू शकतो, पण नकली व्हर्नियरचे भाग सहसा मुख्य पट्टीशी जुळत नाहीत, कारण ते मोजण्यासाठी बनवलेलेच नसतात. ज्याने एक खरा व्हर्नियर वाचला आहे त्याला हे लगेच कळते, आणि ज्याच्याकडे न वाचलेली शंभर यंत्रे आहेत त्याला ते कधीही कळणार नाही.

तुला वाटेल, हा म्हातारा एकच गोष्ट किती वेळा सांगतो. पण आपले पुणे हे यंत्रे वापरणाऱ्यांचे शहर आहे. येथे १८५४ साली अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. कावसजी नायगमवाला यांनी १८८८ साली येथे वेधशाळा उभारली. तिथली वीस इंची दुर्बीण १९१२ नंतर कोडाईकॅनालला गेली. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. अशा शहरात एका शिक्षणसंस्थेने आपल्या प्रयोगशाळेची कपाटे रिकामी केली आणि तराजू, प्रकाशमापक, होकायंत्रे किलोच्या भावाने भंगारात घातली. मी लेखी विनंती केली होती, उत्तर आले नाही. खंत पितळेची नाही. ती यंत्रे लावणारे जुने प्रयोगशाळा सहायक तेव्हा हयात होते. त्यांच्यापाशी बसून शिकून घ्यायला एकही तरुण आला नाही, आणि आता ते विचारायला कोणी उरलेले नाही. म्हणून तुझे पत्र आल्यावर मला इतके लिहावेसे वाटले.

माझ्याकडे येणारे लोक कपाट पाहून विचारतात की इतक्या वर्षांत एवढीच? केळकर संग्रहालयाच्या दिनकर केळकरांनी हजारो वस्तू जमवल्या, त्या पुढे सगळ्या महाराष्ट्राच्या झाल्या, आणि त्यांच्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण माझ्या कपाटातले प्रत्येक यंत्र आजही मोजते. उपाहारगृहाच्या सजावटीसाठी एकाने माझा थिऑडोलाइट मागितला होता. त्याने सांगितलेली किंमत मला मोठी होती आणि घरात गरजही होती. मी दिला नाही, आणि तो निर्णय बरोबर होता असे मी आजही ठामपणे सांगतो. हट्टी म्हणणाऱ्यांनी म्हणावे.

तुझ्या मित्राला सांग की सूक्ष्मदर्शक नंतर घेऊ. तो घेशील तेव्हा पावसाळ्याचा विचार आधी कर: आपल्या हवेत भिंगांवर बुरशी चढते आणि ती काच कुरतडते, म्हणून भिंगे चामड्याच्या खोळीत ठेवू नयेत. काही वायुभारमापकांत आणि जुन्या रक्तदाबयंत्रांत पारा असतो. तो सांडला तर त्याची वाफ विषारी असते, म्हणून ती उघडायची नाहीत. वैद्यकीय साधनांची ओढ असेल तर लाकडी एकनळी स्टेथोस्कोपपासून सुरुवात कर. लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली शोधलेल्या कल्पनेचा तो वारस आहे, आणि तो वडिलांच्या छातीवर ठेवून तू हृदयाचे ठोके खरोखर ऐकू शकतेस. शस्त्रक्रियेच्या हत्यारांचेही तेच: लाकडी वा हस्तिदंती मुठी मागे पडून सगळे हत्यार धातूचे का झाले, हे निर्जंतुकीकरणाची वाफ समजून घेतल्यावर कळते. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात ठेव. आणि शंभर वर्षांहून जुने यंत्र परदेशी पाठवायला १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो, हे त्या व्यापाऱ्याला विचारून पाहा.

सध्या मात्र दुसरे काही नको. पुढच्या पत्रात आठ दिशांना फिरवून घेतलेली दोन्ही व्हर्नियरांची वाचने, कोनांची बेरीज आणि पेटीतल्या कागदावर जे वाचता येईल ते लिहून पाठव. वाचने पेनाने लिही, आणि चुकलेले खोडलेले तसेच ठेव.

तुझा,
काका