वेगवेगळ्या भागांतले सोयाबीनचे वाण जनुकीयदृष्ट्या वेगळेच असतात ना?

तुम्ही विचारलंय, की जबलपूर, परभणी अशा लांबलांबच्या ठिकाणचे वाण सोलापुरात आणून संकर केला, तर पैदाशीला लागणारी विविधता आपोआप मिळेल का? बहुतेक वेळा नाही मिळत.

मी बार्शी तालुक्यातला. एमएस्सीला पैदासशास्त्र घेतलं तेव्हा माझाही हाच समज होता. मग वाणांची कुळी उघडून बसलो. जबलपूरचा जेएस ३३५ हा जेएस ७८-७७ आणि जेएस ७१-०५ यांच्या संकरातला. आणि परभणीचा एमएयूएस ७१? जेएस ७१-०५ आणि जेएस ३३५ यांचा. म्हणजे लेकराचा संकर पुन्हा जन्मदात्याशीच! सोयरीक जुळवताना आपल्याकडं देवक विचारतात. इथं नुसता पत्ता बघून भागत नाही.

मुळात हे पीक चीनचं. आपल्याकडं १९६०-७०च्या सुमारास अमेरिकेतून ब्रॅग, ली असे मोजके वाण आले आणि पुढच्या कितीतरी वाणांत तेच रक्त फिरत राहिलं. त्यात सोयाबीन स्वपरागी, कळी उमलायच्या आतच परागीभवन उरकतं. दोन वाण शेजारी पेरून आपोआप मिसळतील ही आशा सोडा.

खरा फरक पडतो तो नात्याबाहेरचं बी आणल्यावर. तांबेऱ्याचं, म्हणजे पानांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगाचं, उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं जेएस ३३५ चा संकर ईसी २४१७८० शी केला, त्यातून तांबेऱ्याला तोंड देणारा फुले अग्रणी, म्हणजे केडीएस ३४४ आला. 'ईसी' म्हणजे परदेशातून आणलेलं बी.

पण फार लांबचंही पचत नाही. उत्तरेकडच्या थंड मुलखातलं बी आपल्या लहान दिवसांत वीतभर असतानाच फुलावर येतं; शेंगा धरायला झाडच नसतं.

आणि संकर हाताने करायचा म्हणजे कळी गव्हाच्या दाण्याएवढी. भिंग लावून चिमट्याने पुंकेसर काढायचे, वर दुसऱ्याचे पराग टेकवायचे. ऑगस्टच्या उकाड्यात माझ्या निम्म्याहून जास्त कळ्या गळाल्या. इतकी मेहनत चुलतभावंडांवर घालवू नका. आधी कुळी बघा, जमलं तर एसएसआर मार्करने, म्हणजे वाणांच्या डीएनएमधला फरक दाखवणाऱ्या खुणांनी, प्रयोगशाळेत तपासून घ्या. हाताशी असलेल्या वाणांची नावं प्रतिक्रियेत टाका, कोणत्या जोड्या सोडायच्या ते सांगतो.